घरच्यांना कसला बिल्ला

बिल्लेवाल्यांना सगळा किनारा बिल्लेवाले म्हणूनच ओळखायचा. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तेवढंच. त्यांच्या बायकोलाही लोक बिल्लेवालीण म्हणायचे. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट दुकानात कोणी तशी हाक मारली की ती जराशी ताठच चालायची.

काम साधं होतं, पण त्यात चुकून चालण्यासारखं नव्हतं. किनाऱ्यासमोर एक लहानसं बेट होतं. ओहोटी लागली की किनाऱ्यापासून बेटापर्यंत वाळूची वाट उघडी पडायची, आणि पाचेक तासांनी भरतीचं पाणी ती पुन्हा गिळून टाकायचं. सुट्टीच्या दिवशी माणसं चटया, डबे, चेंडू, पोरंबाळं घेऊन यायची, बेटावर सुरूच्या झाडांखाली बसायची, पलीकडच्या खडकांवरची पक्ष्यांची घरटी बघायची आणि पाणी चढायच्या आत परतायची. वाटेच्या तोंडाशी फाटक, फाटकाशी पत्र्याच्या छपराची चौकी आणि चौकीच्या भिंतीवर लाकडी फळा. फळ्याला ऐंशी खिळे, खिळ्यांना ऐंशी गोल बिल्ले, त्यांवर एक ते ऐंशी आकडे. जाताना माणशी एक बिल्ला घ्यायचा, आल्यावर परत खिळ्याला लावायचा. कडेवरच्या बाळालाही बिल्ला. वाट बुडायला तास उरला की बिल्लेवाले फळ्याकडे बघायचे. एक जरी खिळा रिकामा दिसला तरी घंटा वाजवायची. सगळे भरलेले असले तर घंटा नाही. फाटकाला कडी घालायची आणि घरचा रस्ता धरायचा.

एकोणीस वर्षांत एकही माणूस मागे राहिला नव्हता. संध्याकाळी घरी आले की बायको चहाचं आधण ठेवता ठेवता विचारायची, "आज किती?"

"सदुसष्ट."

"सगळे आले?"

"सगळे."

झालं, दिवसाचा हिशेब संपला. दोघांनाही त्यात समाधान होतं.

पण एक गंमत अशी, की घरापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या त्या बेटावर बायकोने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. "साऱ्या जगाला सोडता, मला कधी सोडणार?" असं ती म्हणायची आणि बिल्लेवाले म्हणायचे, "बेट काय पळून चाललंय?" सुट्टीच्या दिवशी तेच कामावर, एरवी तिची कामं. अशीच वर्षं गेली.

शेवटी तिची धाकटी बहीण नवऱ्याला आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन चार दिवस राहायला आली, तेव्हा बेत ठरला. दोघी बहिणींनी आदल्या संध्याकाळी डबे काय न्यायचे, चटई कुठली न्यायची यावर इतकी चर्चा केली, की साडू म्हणाले, "अहो भाऊ, ह्या जणू देशांतरालाच निघाल्यात." बिल्लेवाले हसले. त्यांनाही बरं वाटत होतं. उद्या फाटकाशी आपण उभे असू आणि आपली माणसं समोरून येतील, हे चित्र त्यांनी मनात दोनदा रंगवलं होतं.

सकाळी चौकीवर गेले, तर समोर जीप उभी. नव्या साहेब आल्या होत्या. तरुण बाई, हातात वही, पायात बूट, बोलणं मोजकं. आठच दिवसांपूर्वी त्यांनी किनाऱ्याच्या सगळ्या कामांचा ताबा घेतला होता. बिल्लेवाल्यांनी खिशातला फोन चटकन मुका केला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"तुमच्या फळ्याबद्दल मी ऐकलंय," मॅडम म्हणाल्या. "आज बघते कसं चालतं ते."

वाट उघडली. बघता बघता रांग लागली. शहरातली माणसं, गॉगल घातलेली, मुलांच्या पाठीवर रंगीत पिशव्या. बिल्लेवाले एकेकाला बिल्ला देत होते, वेळ समजावत होते, मॅडम लिहून घेत होत्या. अगदी घड्याळासारखं चाललं होतं. आणि मग रस्त्याच्या वळणावर घरची मंडळी दिसली.

पुढे साडू, डोक्यावर गुंडाळलेली चटई. मागे मेहुणी, दोन्ही हातांत डब्यांच्या पिशव्या, एका पिशवीचा बंद तुटलेला म्हणून सुतळीने बांधलेला. मध्ये मुलगी. आणि बायको, कोपरात प्लास्टिकची निळी बादली अडकवून, बादलीत टॉवेल, पाण्याच्या बाटल्या आणि आणखी काय काय. लांबूनच तिने हात उंच केला. "अहो, आलो बरं का आम्ही."

रांगेतल्या दोघा-तिघांनी मागे वळून बघितलं. मॅडमनीही मान वर केली.

बिल्लेवाल्यांना त्या क्षणी काय झालं, ते त्यांनाही नंतर कितीतरी दिवस नीट सांगता आलं नसतं. चौकीच्या मागच्या बाजूला सामानासाठी एक लहान दार होतं. ते झपाझप तिकडे गेले, दार उघडलं, हातानेच खूण केली. "इकडून, इकडून. चला लवकर."

"रांग नाही का?" साडूंनी विचारलं.

"घरच्यांना कसली रांग, कसला बिल्ला. जा तुम्ही. घंटा झाली की निघा."

चौघं आत सरकली आणि वाळूला लागली. बिल्लेवाले परत फाटकाशी येऊन उभे राहिले. मॅडमनी काही विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही.

दुपारी वारा सुटला. बेटाच्या किनाऱ्याकडच्या बाजूला वाळू उडायला लागली. डब्यांत वाळू, डोळ्यांत वाळू. माणसं कंटाळून लवकरच परतायला लागली. मॅडम मधल्या वेळात कड्यावरची बाकं आणि कठडे बघून आल्या. त्या चौकीत शिरल्या तेव्हा वाट बुडायला तास उरला होता, आणि शेवटचं कुटुंब बिल्ले परत लावत होतं.

मॅडमनी फळ्यावरून बोट फिरवलं. ओळीत दहा, अशा आठ ओळी. सगळ्या भरलेल्या.

"सगळे आले?"

"सगळे, मॅडम."

"घंटा?"

"फळा भरला की घंटा लागत नाही. ऐकायला तिकडे कोणी नसतं ना."

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "छान पद्धत आहे. जुनी रोजनाम्याची वही असेल ना? ती घेऊन ऑफिसला चला माझ्याबरोबर. बाकीच्या ठिकाणीही असंच करायला हवं."

आता कोणी म्हणेल, स्वतःची बायको बेटावर आहे हे माणूस विसरतो कसं? पण एकोणीस वर्षं ज्याने बेटाकडे नव्हे, फळ्याकडे बघितलं, त्याला फळा भरलेला दिसला की बेट रिकामं झालं. त्यात साहेबांनी पाठ थोपटलेली. बिल्लेवाल्यांनी कडी घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा जीपच्या पुढच्या सीटवर बसले.

घरी आले तेव्हा उन्हं उतरली होती. मॅडम काय म्हणाल्या, हे बायकोला कुठून सांगायला सुरुवात करावी याचा विचार करत ते दाराशी आले. दाराला कुलूप. किल्ली बायकोकडे. "कुठे गेल्या ह्या बायका," असं पुटपुटत ते पायरीवर टेकले. गप्पा मारत कुठेतरी थांबल्या असतील. खिशातून फोन काढला. अकरा वेळा बायकोचा फोन येऊन गेला होता.

ते पायरीवरून उठले. फळा डोळ्यांसमोर आला, ऐंशीच्या ऐंशी बिल्ले लावलेला. ते धावत सुटले.

होडीवाला जाळी आवरत होता. त्याने कथा ऐकली आणि होडी ढकलता ढकलता म्हणाला, "जगाची माणसं मोजून घेतलीत बिल्लेवाले, आणि घरचीच बाहेर ठेवलीत होय?" तो चेष्टेत म्हणाला होता. बिल्लेवाल्यांनी दोन्ही हातांनी होडीची कड धरून ठेवली.

बेट काही पाण्याखाली जात नाही, तेव्हा जिवाचं भय नव्हतं. पण चौघं ज्या अवस्थेत सापडली, ती पाहवत नव्हती. ती बेटाच्या पलीकडच्या बाजूला बसली होती, झाडांच्या आडोशाला. तिकडे वारा नव्हता, म्हणून इकडची माणसं कधी निघून गेली ते कळलंच नाही. मेहुणी दोनदा म्हणाली होती, "ताई, निघू या का?" दोन्ही वेळा बायको म्हणाली, "घंटा होऊ दे गं. तुझ्या भाऊजींची घंटा कधी चुकत नाही." मग चौघं झाडांतून बाहेर आली तर वाट नाहीशी झालेली. साडू पाण्यात उतरले. कमरेच्या वर पाणी आलं, पाय ठरेनात, एक चप्पल आणि खिशातला फोन गेला. बाप पाण्यात हेलकावतोय हे बघून मुलीने किंकाळी फोडली, आणि मग तिचं रडणं होडी आली तरी थांबलं नव्हतं. नुसते हुंदके देत होती. अंगावर मावशीचा टॉवेल, दात वाजत होते.

होडीत मेहुणीने बहिणीचा फोन हातात घेतला आणि बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "होडीवाल्यांचा नंबर होता तुझ्याकडे?"

बायको मुलीच्या अंगावरचा टॉवेल सारखा करायला लागली.

"ताई, मी काय विचारते? नंबर होता?"

"होता."

"आणि दोन तास तू नुसता भाऊजींनाच फोन लावत बसलीस? पोरगी गारठली, तिचे बाबा बुडता बुडता राहिले, आणि तू नंबर लावला नाहीस?"

"गावात बोभाटा झाला असता," बायको अगदी खालच्या आवाजात म्हणाली. "ह्यांची नोकरी आहे."

मेहुणीने फोन तिच्या मांडीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने ती तिघं गेली. मुलीला ताप होता. निघताना मेहुणीने बहिणीला नमस्कारही केला नाही, मिठीही मारली नाही. पिशव्या उचलल्या आणि गेली.

होडीवाल्याने मुद्दाम काही केलं नाही, पण गोष्ट अशी होती, की ती सांगितल्यावाचून त्याला राहवेना. दोन दिवसांत मॅडमपर्यंत पोचली. त्या चौकीवर आल्या तेव्हा नेमकी बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती.

"बेटावर राहिल्या त्या तुम्हीच ना? घंटा झाली नव्हती का?"

बिल्लेवाल्यांनी तोंड उघडलं. शब्द जुळवत होते, तेवढ्यात बायको म्हणाली, "झाली होती की, मॅडम. माझाच डोळा लागला. ह्यांनी काय, वेळेवर वाजवली."

बिल्लेवाल्यांनी नुसता तिच्या हातातला डबा घेतला. त्या दिवशी फळा बघायला स्वतः मॅडमच होत्या, घंटा लागत नाही हे त्यांनीच ऐकलं होतं. पण दिवसाला दहा ठिकाणं बघणाऱ्या बाईंना ते कुठून आठवणार. त्यांनी मान हलवली. "असं होतं. लोकांना सांगायला हवं." आणि तिथेच एक मजकूर लिहून काढला. दुसऱ्या दिवशी तो टाइप होऊन आला आणि फाटकाला डकवला गेला. बिल्ला देण्याआधी प्रत्येक कुटुंबाला तो वाचून दाखवायचा, असा हुकूम.

"नुकतीच एक महिला बेटावर झोपून राहिल्यामुळे चार जण अडकले. घंटा ऐकताच परत फिरावे."

पहिल्या दिवशी बिल्लेवाल्यांनी तो एकोणीस वेळा वाचला. लोक हसायचे. एकाने स्वतःच्या बायकोला कोपर मारून विचारलं, "तू आली होतीस काय गं इथे मागे?" एक आजोबा म्हणाले, "घंटा कानाशी वाजली तरी उठली नाही? धन्य आहे बाई." मुलं मुद्दाम घोरून दाखवायची. बिल्लेवाले खाली मान घालून बिल्ले काढून देत राहिले.

गावातही ते पसरलं. दुकानदार बिल्लेवालिणीला म्हणाला, "वहिनी, गजराचं घड्याळ दाखवू का?" ती हसून पुढे गेली. मात्र आता ती ताठ चालत नव्हती.

एवढ्यावरही कदाचित बिल्लेवाले गप्प राहिले असते. माणूस लाजेलाही सरावतो. पण रविवार आला.

दोघी बहिणींचा नेम होता. रविवारी संध्याकाळी बिल्लेवाले कामावरून आले की धाकटीचा फोन यायचा आणि तासभर हसणं-बोलणं चालायचं. त्या रविवारी बायकोने फोन ओट्यावर, भांड्यांच्या शेजारी उभा करून ठेवला. भांडी घासली, पुसली, पुसलेली पुन्हा पुसली. फोन आला नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी तिने स्वतः लावला. पलीकडे मुलगी बोलली आणि मग मागून आवाज आला, "सांग, आई कामात आहे." बायकोने फोन ठेवला आणि शेगडी घासायला घेतली, जी सकाळीच घासून झाली होती.

बिल्लेवाले दारात उभे राहून हे बघत होते. सांगायचं तर एवढंच होतं, की घंटा झालीच नव्हती. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न येणारच, घंटा का झाली नाही? बिल्ले दिले नव्हते म्हणून. आणि बिल्ले का दिले नव्हते? इथे येऊन ते थांबायचे. कारण त्यांना एक गोष्ट ठाऊक होती. बेटावर झाडाखाली डबे उघडताना बायको बहिणीला मोठ्या कौतुकाने म्हणाली होती, "बघितलंस? आपल्याला बिल्लासुद्धा लागत नाही. घरचे म्हणून ह्यांनी कसं मागच्या दारानं सोडलं." हे तिनेच त्यांना सांगितलं होतं, त्या संध्याकाळी अंथरुणं घालताना, एवढं सगळं झाल्यावरही. तेवढा एक मान तिने जपून ठेवला होता. तो काढून घ्यायचा?

चौथ्या रविवारी बायको वाळलेले कपडे काढायला मागे गेली, तेव्हा त्यांनी ओट्यावरचा तिचाच फोन उचलला.

"बोल," मेहुणी कोरडेपणाने म्हणाली.

"मी बोलतोय. भाऊजी. ठेवू नकोस." त्यांनी श्वास घेतला. "तुझी ताई घंटेचं जे सगळ्यांना सांगते ना, की झाली होती आणि तिचाच डोळा लागला, ते खोटं आहे. ती झालीच नव्हती. तुम्हाला तर ठाऊकच आहे. पण ती गावभर स्वतःवर घेत फिरते आहे आणि मी घेऊ देतोय."

"ते मला माहीत आहे, भाऊजी. माझा राग तिच्या झोपेवर नाही. ती तिकडे बसून तुमची नोकरी सांभाळत होती, माझी पोरगी नाही, त्याचा आहे."

मागून साडूंचा आवाज आला, "जाऊ दे ना आता. घरच्यांना बिल्ला द्यायचं राहून गेलं, होतं असं."

सुटकेचं दार होतं ते. साडूंनी स्वतःच उघडून धरलं होतं. बिल्लेवाले क्षणभर त्यात पाऊल टाकणारच होते.

"राहून नव्हतं गेलं," ते म्हणाले. "साहेब उभ्या होत्या. रांगेत सगळी शहरातली माणसं. तुम्ही चटई, सुतळीची पिशवी, बादली घेऊन आलात. ही माझी माणसं, असं त्यांच्यासमोर सांगायची मला लाज वाटली. म्हणून मागच्या दाराने सोडलं. रांगेत घेतलं असतं, बिल्ले दिले असते, तर चार खिळे रिकामे दिसले असते आणि मी घंटा वाजवली असती. राग माझ्यावर धर. तिच्यावर धरू नकोस. ती तिथे बसून तुला सांगत होती, की माझी घंटा चुकत नाही."

मेहुणी म्हणाली, "ताईला माहीत आहे हे?"

बिल्लेवाले वळले. मागच्या दारात बायको उभी होती, हातात रिकामी टोपली.

तिने टोपली खाली ठेवली, हात पुसले, त्यांच्या हातून फोन घेतला आणि "हं, बोल गं" म्हणत मागच्या अंगणात गेली. बिल्लेवाले स्टुलावर बसून राहिले. खिडकीतून तिची पाठ दिसत होती. ती बोलत होती, ऐकत होती, एकदा डोळे पुसले. अर्ध्या तासाने आत आली.

"पोरीची शाळा सुरू झालीय," ती म्हणाली. "खोकला अजून आहे थोडा. सुट्टीत येतील की नाही, ते आताच नाही सांगत म्हणाली."

"बोलली पण."

"हो. बोलली."

तिने कणकेचा डबा काढला, परत ठेवला. त्यांच्याकडे न बघता विचारलं, "सगळ्यांचीच वाटली? की माझी पण?"

नाही म्हणता आलं असतं. एक शब्द होता.

"तुझी पण."

"काय होतं माझ्यात एवढं? बादली?"

त्यांना तो क्षण पुन्हा लख्ख दिसला. वळणावरून येताना तिचं ते तोंड. "बादली नव्हे," ते म्हणाले. "तू हसत होतीस. फार मोठ्याने, लांबूनच. मला बघून."

बायकोने टोपली उचलली. मग म्हणाली, "एकोणीस वर्षांनी जात होते ना." आणि मागे जाऊन दोरीवरचे कपडे काढायला लागली. बिल्लेवाल्यांना वाटलं उठावं, जाऊन निदान चिमटे धरावेत. पण उठून तिच्यासमोर उभं राहायचं धाडस त्यांना झालं नाही.

सोमवारी फाटक बंद असायचं. ते पहिल्या बसने ऑफिसला गेले. ऑफिस उघडायला तास होता. शिपायाने बाहेरच्या बाकावर बसवलं, पाणी दिलं, काय काम आहे म्हणून विचारलं, आणि त्यांनी "साहेबांनाच सांगेन" म्हटल्यावर नाक मुरडून निघून गेला. समोरच्या भिंतीशी बाकीच्या किनाऱ्यांसाठी छापलेल्या सूचनांचा गठ्ठा बांधून ठेवला होता. वरच्या कागदावरचा मजकूर त्यांना पाठ होता.

मॅडम आल्या, वही उघडली. "हं, बिल्लेवाले. आज इकडे?"

ते खुर्चीवर बसले नाहीत. बसमध्ये त्यांनी सगळं क्रमाने जुळवून ठेवलं होतं. आधी फळा, मग वारा, मग जीप. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मॅडम, माझी बायको झोपली नव्हती."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे?"

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, मागच्या दारापासून.